जेऊरच्या खड्ड्यावर सुपर्ब

एप्रिलात या गाडीचं गिअर ऑईल बदलायचं तर दिवस वर यायच्या आत. मेस्त्रींनी फोनवर एवढंच सांगितलं आणि गाडी आदल्या संध्याकाळीच खड्ड्यावर लावून ठेवायला लावली. मी पहाटे साडेपाचला पोचलो तेव्हा ते गवंड्याची लेव्हलची पट्टी घेऊन गाडीच्या उंबऱ्यावर वाकले होते. बुडबुडा मधोमध आल्याशिवाय त्यांनी पाना उचलला नाही.

(हे जेऊर करमाळा तालुक्यातलं, रेल्वे स्टेशनचं, नगरकडचं नव्हे. नागराज मंजुळ्यांचं गाव म्हटलं की लोकांच्या लगेच लक्षात येतं.)

गाडी २०१२ ची स्कोडा सुपर्ब, दोन लिटर डिझेल, ऑटोमॅटिक. मालक उजनीच्या काठचे केळीवाले, सगळे त्यांना आबा म्हणतात. गाडी पुण्याहून जुनीच घेतलेली. दर साठ हजार किलोमीटरला गिअरबॉक्सचं तेल आणि फिल्टर बदलायचा असतो, आणि काटा १,२०,००० च्या जवळ आलेला.

आधी बॅटरी आणि एअर फिल्टरचा डबा बाहेर. मग खाली २४ ची गोटी घालून तेलाच्या फिल्टरचं टोपण उघडलं. नंतर मेस्त्री खड्ड्यात उतरले. १४ च्या एलन कीनं ड्रेन प्लग काढला तर पेलाभर तेल आलं आणि थांबलं. मला वाटलं, संपलं. ते हसले. प्लगच्या आत प्लॅस्टिकची एक उभी नळी असते, ती ८ च्या कीनं काढायची. मग खरी धार लागते. काळंकुट्ट तेल. सव्वापाच लिटरच्या आसपास.

ही नळी म्हणजेच गिअरबॉक्सची मापपट्टी. डिपस्टिक नाहीच. नळी परत बसवायची, खालूनच नवं तेल वर चढवायचं आणि जास्तीचं नळीच्या तोंडावरून सांडू द्यायचं. सांडायचं थांबलं की पातळी बरोबर. अट एकच : इंजिन चालू, आणि तेल ३५ ते ४५ अंशांच्या मध्ये. तेल तापलं की फुगतं. जास्त तापलेलं असताना मापलं तर जास्त सांडतं आणि पेटी उपाशी राहते. आत दोन क्लच तेलात बुडालेले असतात, एक विषम गिअरांचा, दुसरा सम गिअरांचा. एक चालत असतो तेव्हा पुढचा गिअर दुसऱ्यावर तयार असतो. हे सगळं हलतं तेलाच्या दाबावर.

आता जेऊरची एप्रिलातली दुपार घ्या. पत्र्याखाली उभी असलेली गाडी सुरू करण्याआधीच चाळिशी ओलांडून बसते. नळी गळायची थांबेपर्यंत पंचेचाळीस कधी उलटून जातात ते कळतही नाही. म्हणून पहाट.

तेलाची बाटली बॉनेटच्या आकड्याला सलाईनसारखी टांगली होती. ती उतरेपर्यंत मी गाडीखाली डोकावून बघत होतो. मेस्त्री म्हणाले, "खालून बघितली तर लॉराच हाय. हीच पेटी, हाच फिल्टर. जेट्टाला पण हाच."

लॉरा स्कोडाचीच धाकटी, जेट्टा फोक्सवॅगनची. सुपर्बची सगळी गंमत मला त्या एका वाक्यात दिसते. रोजच्या गाड्या बनवणाऱ्याला साहेबी गाडी विकायची तर तो काय करतो? टोयोटानं १९८९ मध्ये नावच बदललं, लेक्सस काढली. फोक्सवॅगननं २००२ मध्ये आपल्याच बिल्ल्याखाली फेटन आणली, ड्रेस्डेनला तिच्यासाठी काचेचा कारखाना उभारला. २०१६ मध्ये ती बंद पडली. फोक्सवॅगन म्हणजेच 'जनतेची गाडी'; त्या नावावर तेवढे पैसे मोजायला गिऱ्हाईक तयार होईना. त्याच घरातल्या स्कोडानं १९३४ मधलं आपलं जुनं नाव २००१ मध्ये पुन्हा बाहेर काढलं आणि लांबी थेट मागच्या सीटला दिली. खालचा सांगाडा आणि यंत्रं घरातल्या भावंडांचीच. वर पाय पसरायला ऐसपैस जागा आणि मागच्या दारात छत्रीचा कप्पा. आपल्याकडच्या सुपर्बची जुळणी औरंगाबादजवळ शेंद्र्याला व्हायची. २०१० मध्ये त्याच औरंगाबादेत दीडशे मर्सिडीज एकदम घेतल्या गेल्या, त्याची बातमी देशभर झाली. बिल्ला हवा असणाऱ्यांची गोष्ट वेगळी. आबांना पाठ टेकायची होती, आणि पेटी उघडणारा माणूस जवळ हवा होता.

"आबा, ब्रेक दाबून धरा. आता आर. थांबा. एन. डी." प्रत्येक गिअरवर दोन-तीन सेकंद. स्कॅनरवर २९. इंजिन घुरघुरत राहिलं. ३१. ३३. बाहेर स्टेशनाकडून मालगाडीचा आवाज आला.

"काय मेस्त्री, झालं का?"

"घाई न्हाई. ताप धरू द्या."

३६ ला त्यांनी खालचा जोड काढला. पिवळसर नवी धार लागली, बारीक झाली, तुटली, थेंब थेंब झाली. ४० ला नवा वॉशर घालून प्लग आवळला. तेवढ्यात पत्र्यावर ऊन आलं.

आबा उतरले आणि मागचं दार उघडून छत्रीच्या कप्प्यात हात घातला. छत्री कधीच गेलेली. आतून निघाला १६ एमएमच्या ठिबकच्या लॅटरलचा वीतभर तुकडा.

"कंदरला जायचंय," म्हणाले, "ह्या मापाचा जॉइनर घ्यायचाय. नमुना दाखवल्याबिगर दुकानदार दुसराच देतो."