तोंड आलंय!

आमच्याकडे ‘तोंड आलंय’ म्हटलं की आईचे दोन प्रश्न ठरलेले : ‘पोट साफ आहे ना?’ आणि ‘जागरण केलंस का?’ मग चावायला जाईचा पाला मिळे. परीक्षा जवळ आली, की ओठाच्या आत पांढुरका, लाल कडेचा व्रण हमखास उठायचा. वरणभातसुद्धा झोंबायचा. बी-कॉम्प्लेक्सच्या किती गोळ्या गिळल्या, त्याचा हिशेब नाही.

पुढे एका दंतवैद्यांनी वेगळाच उपाय दिला. टेट्रासायक्लिनची २५० मिलिग्रॅमची कॅप्सूल फोडून चमचाभर पाण्यात कालवायची, दोन मिनिटं तोंडात घोळवून थुंकायची, दिवसातून चारदा. चव कडूजहर, पण दुखणं उतरलं. ‘म्हणजे जंतूच होते तर!’ मी म्हटलं. ते हसले.

कारण गंमत अशी, की या व्रणांना जबाबदार असा जंतू आजवर हाती लागलेला नाही. एकाचं तोंड आल्यानं दुसऱ्याचं येत नाही. शरीराची संरक्षक यंत्रणाच तोंडाच्या नाजूक अस्तरावर उलटते, असं मानतात. मग जंतूंवरचं औषध चालतं कसं? अमेरिकेत ग्रेकोव्स्की आणि किंगमन यांनी या गुळण्यांची चाचणी १९७८ मध्ये प्रसिद्ध केली. खरं औषध कोणाला, हे रुग्णालाही ठाऊक नव्हतं आणि तपासणाऱ्यालाही. तरी गुण दिसला. पुढे १९८३ मध्ये लॉर्न गोलब आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की या गटातली औषधं कोलॅजन कुरतडणाऱ्या विकरांनाही आवर घालतात. गुणाचं रहस्य बहुधा त्यातच असावं.

व्रण लवकर भरतो. पुन्हा येणार नाही, याची हमी मात्र नाही. आठ वर्षांखालच्या मुलांना आणि गर्भवतींना हे औषध देत नाहीत, बाळाचे दात कायमचे डागाळतात. शिवाय ऊठसूट प्रतिजैविकं वापरली, की जंतू निर्ढावतात. हे मला ठाऊक होतं. तरीही मी माझ्या मेव्हण्यांना ती युक्ती सांगितली.

त्यांच्या गालाच्या आत, तंबाखूची चिमूट ठेवायच्या जागी व्रण होता. ‘उष्णता आहे, दुखत तर नाही!’ ते म्हणाले. मलाही ते बरंच लक्षण वाटलं. गुळण्यांत महिना गेला. तीन आठवड्यांत न भरणारा व्रण, दुखो न दुखो, डॉक्टरांना दाखवायचाच असतो. तुकडा तपासला, कर्करोग निघाला. शस्त्रक्रिया झाली, वेळेत झाली म्हणतात. त्या महिन्याबद्दल मेव्हणे मला कधीच काही बोलले नाहीत.

माझं तोंड अजूनही येतं. दुधाच्या हिशेबाशेजारी, कॅलेंडरवर, मी व्रणाची तारीख लिहून ठेवतो.