विद्यापीठातील पर्यावरणशास्त्र आणि कामगार

पदवीच्या विद्यार्थ्याला आज पर्यावरण हा विषय शिकावा लागतो. विद्यापीठांना हे आपणहून सुचले, असे मात्र कोणी समजू नये. एम. सी. मेहता या वकिलांच्या अर्जावर सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली तसा आदेश दिला, आणि २००३ मध्ये पुन्हा बजावले, तेव्हा कोठे गाडा हलला. विद्यापीठ अनुदान आयोगाने त्या वेळी आखलेल्या पाठ्यक्रमात पन्नास तासिका होत्या. गुण शंभर, पैकी पंचवीस प्रत्यक्ष पाहणीचे. पाहणीला तासिका मिळाल्या पाच. २०२३ मध्ये या विषयाची नवी मांडणी झाली.

मला, कॉलेजची पायरी न चढलेल्या माणसाला, त्या पाच तासिकांचेच कुतूहल अधिक. दूषित जागा पाहा, असे त्यांत स्पष्ट सांगितले होते. मुले बहुधा नदीच्या पुलावर जातात, फेसाळलेले पाणी पाहून वही भरतात. (वहीला पुठ्ठा छान घालतात!) पण तो फेस ज्या भिंतीआडून येतो, तिच्या आत आठ तास उभ्या राहणाऱ्या माणसाला कोण विचारतो?

सूतगिरणीचे उदाहरण घ्या. ब्लोरूम आणि कार्डिंग खात्यांत कापसाची धूळ सर्वांत जास्त. ती वर्षानुवर्षे छातीत गेली की बिसिनोसिस हा रोग जडतो. त्याची खूण मोठी विलक्षण आहे. आठवड्याच्या सुट्टीनंतर कामावर आले की पहिल्याच दिवशी छाती आवळते, मग सैल पडते. पुढे रोग बळावला की रोजचेच होते. हवा मोजण्याचे यंत्र धूळ किती ते सांगेल. ही सोमवारची गोष्ट कामगारच सांगणार.

भोपाळला १९८४ च्या डिसेंबरात विषारी वायूने हजारो माणसे मारली. त्याच कारखान्यात १९८१ मध्ये फॉस्जिन वायूने एका कामगाराचा बळी घेतला होता. कामगार संघटनेने धोक्याची पत्रके लावली. पत्रकार राजकुमार केसवानी यांनी १९८२ मध्ये जाहीर इशारा दिला. ऐकले कोणी? १९८६ चा पर्यावरण संरक्षण कायदा आला तो या प्रेतांनंतर. कारखान्यातील धोक्याची माहिती कामगाराला दिलीच पाहिजे, ही तरतूदही १९८७ मध्ये, म्हणजे नंतरच आली.

तेव्हा प्राध्यापकांनी पाळी सुटण्याच्या वेळी विद्यार्थ्यांना घेऊन गेटवर यावे. प्रश्न सोपे आहेत : खाते कोणते, किती वर्षे, कशाचा वास येतो, आणि सुट्टीत खोकला कमी होतो का? हा शेवटचा प्रश्न गाळू नये. डॉक्टरला त्याचाच उपयोग होतो.