मुसीचा पूर आणि दोन तलाव

२८ सप्टेंबर १९०८ रोजी मुसी नदीने हैदराबाद शहरावर जो घाला घातला, त्याचे साक्षीदार असलेले चिंचेचे झाड उस्मानिया रुग्णालयाच्या आवारात आहे. त्याच्या फांद्यांवर चढून सुमारे दीडशे माणसे वाचली. बळींचा आकडा मात्र पंधरा हजारांच्या घरात सांगितला जातो.

निजाम सरकारने मग मोक्षगुंडम विश्वेश्वरय्यांना पाचारण केले. पुण्यात शिकलेल्या आणि खडकवासल्याच्या तलावाला स्वयंचलित दरवाजे बसविणाऱ्या या अभियंत्याची ओळख मराठी वाचकांना करून द्यावयास नको. १९०९ साली येथे येताच त्यांनी आधी माहिती गोळा केली : पाऊस कोठे पडला, किती, आणि किती वेळात. शमशाबादेस ४८ तासांत जवळजवळ १९ इंच पाऊस झाला होता. त्याहून बोलकी गोष्ट अशी, की खोऱ्यातील ७८८ तलावांपैकी २२१ फुटले होते. वरचा तलाव फुटला की त्याचा लोंढा खालच्या बांधावर आदळे, मग तोही जाई. शहरावर आले ते केवळ पावसाचे पाणी नव्हते. वर्षानुवर्षे राखलेल्या तलावांचे पाणीही त्यात मिसळले होते.

यावर उपाय शहरात नव्हे, शहराच्या वर शोधावयास हवा, हे त्यांनी ओळखले. मुसीवर एक व तिला मिळणाऱ्या इसा नदीवर एक असे दोन जलाशय बांधून पूर तेथेच अडवावा आणि बेताबेताने खाली सोडावा, अशी त्यांची योजना होती. त्यातून १९२० मध्ये उस्मानसागर (आपला गंडीपेठ) आणि १९२७ मध्ये हिमायतसागर पूर्ण झाला. गंडीपेठचे पाणी पिऊन येथील मराठी घरांच्या पिढ्या वाढल्या. पण तलावांचे पहिले काम पूर अडविण्याचे, हे विसरता येत नाही.

आणि विसर पडला तो नेमका याचाच. १९९६ च्या शासकीय आदेशाने तलावांभोवतीच्या दहा किलोमीटर परिसरातील ८४ गावांत मोठ्या बांधकामांवर व प्रदूषक उद्योगांवर बंदी घातली होती. एप्रिल २०२२ मध्ये ही बंधने उठविण्यात आली. शहराला आता कृष्णा व गोदावरीचे पाणी मिळते, या तलावांचा वाटा नगण्य उरला आहे, असे कारण देण्यात आले. पिण्याच्या पाण्यापुरते ते खरेही आहे. पुराचे काय, याचे उत्तर त्या कारणात आम्हांस सापडले नाही. माळरानात मुरणारे पाणी सिमेंटवरून तासाभरात ओढ्यात येते, हे सांगावयास विश्वेश्वरय्यांची गरज नाही.

त्याच्या अवघे दीड वर्ष आधी, ऑक्टोबर २०२० मध्ये, शहराच्या दक्षिण भागात अप्पा चेरुवु आणि गुर्रम चेरुवु हे दोन तलाव फुटले होते आणि खालच्या वस्त्यांत पाणी शिरले होते. १९०९ साली झाली तशी खोऱ्यातील प्रत्येक तलावाची, ओढ्याची व बांधाची मोजणी आजच्या बांधकामांसह पुन्हा व्हावी, आणि तिचे आकडे घर घेणाऱ्या प्रत्येकास पाहता यावेत, एवढीच आमची मागणी आहे.