गाळाचे तळे आणि मातीचा बांध

आम्ही कामगारांत वावरणारी माणसे, अभियंते नव्हेत. पण गढूळ पाण्याचा हंडा रात्रभर न हलविता ठेवला, की गाळ तळाशी बसतो, हे आम्हीही जाणतो. गाळतळ्याचे शास्त्र तेच. खाणीवरून येणारे पाणी मातीच्या बांधाने अडवावयाचे, गाळ बसू द्यावयाचा आणि वरचे निवळ पाणी ओढ्यात सोडावयाचे. मात्र कण निम्म्या जाडीचा झाला, की त्याचा बुडण्याचा वेग चौथाईवर येतो. म्हणून तळे ऐसपैस हवे, आणि साचलेला गाळ वेळच्या वेळी उपसला पाहिजे. नाहीतर गढूळ पाणी तसेच पुढे जाते.

तळे काठोकाठ भरले, तर बांध भिजून ढासळतो. म्हणून जादा पाण्याला सांडवा हवा. अमेरिकेत वेस्ट व्हर्जिनियातील बफेलो क्रीक येथे कोळसा धुतलेले काळे पाणी निवळण्यासाठी खाणीतील टाकाऊ मालाचा बांध घातला होता; त्याला पुरेसा सांडवा नव्हता. २६ फेब्रुवारी १९७२ रोजी, पावसानंतर, तो फुटला. खालच्या खाणकामगारांच्या वस्त्यांतील १२५ माणसे मेली.

बांधाच्या खर्चात गाळ उपसण्याची आणि सांडवा तपासण्याची मजुरी धरलेली नसेल, तर तो हिशेब आम्ही अपुरा समजतो.