टँकर कलंडला तर बादली घेऊन धावू नका

सभासद बंधूंनो, शेतकी खात्याच्या या पानावर आम्ही एरवी बेणे, खत आणि तोडणीचा कार्यक्रम एवढेच लिहितो. या वेळी विषय आगीचा घेतला आहे, कारण तो आपल्या बांधापर्यंत आला आहे. मळीपासून होणारे स्पिरिट, इथेनॉल टँकरनेच जाते. पेट्रोल-डिझेलचे टँकर तर रोजचेच. पाथरी, मानवत, परभणी हा राष्ट्रीय महामार्ग ६१ घ्या की गंगाखेडचा रस्ता घ्या, कडेला आपला ऊस आणि हंगामात टोळ्यांच्या कोप्या. टँकर कलंडला की माणसे कॅन, बादल्या घेऊन पळत सुटतात. पाकिस्तानात बहावलपूरजवळ २५ जून २०१७ रोजी असेच सांडलेले पेट्रोल भरून घेताना २०० हून अधिक माणसे गेली.

मुळात पेटतो तो द्रव नव्हे, त्याची वाफ. पेट्रोलची वाफ शून्याखाली ४० अंशांनाही पेट घेण्याइतकी निघते. स्पिरिटला १३ ते १७ अंश पुरतात, आणि आपल्याकडे डिसेंबरातही दुपारी पारा त्याच्या वरच असतो. ही वाफ हवेपेक्षा जड. वर उडून न जाता ती चारीतून, सरीतून सरपटत जाते आणि लांबच्या कोपीतल्या चुलीवर पेट घेऊन उलटी धावत येते. जयपूरला सीतापुरा येथील तेल डेपोत २९ ऑक्टोबर २००९ रोजी तासाहून अधिक वेळ पेट्रोल गळत राहिले, वाफेचा ढग पसरला आणि मग भडका उडाला. पुढे कित्येक दिवस टाक्या जळत होत्या.

अग्निशमन दलाचे जवान आल्याआल्या पाणी मारत नाहीत, म्हणून बघे ओरडतात. ते आधी वाऱ्याची दिशा बघतात, वाऱ्याच्या बाजूने येतात आणि टँकरवरची पाटी वाचतात. १२०३ म्हणजे पेट्रोल, ११७० म्हणजे स्पिरिट. आत काय आहे यावर सगळे अवलंबून. मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत १४ एप्रिल १९४४ रोजी ‘फोर्ट स्टिकिन’ जहाजावरच्या आगीवर पाणी मारताना आतल्या दारूगोळ्याचा स्फोट झाला आणि ६६ जवान कामी आले. १४ एप्रिलपासूनचा अग्निशमन सप्ताह त्यांच्याच स्मरणार्थ पाळतात.

नंतरचे काम आपल्या ओळखीचे. माती, वाळू टाकून जवान चक्क दारे धरतात, म्हणजे द्रव ओढ्यात, गटारात, विहिरीत जाऊ देत नाहीत. मग फेस. फेसाची गोधडी पांघरली की वाफ आणि हवा यांची गाठ पडत नाही. पेट्रोलवर नुसता पाण्याचा फवारा मारला तर ते पाण्यावर तरंगत आणखी पसरते.

स्पिरिटची गोष्ट वेगळी. ते पाण्यात मिसळते आणि साध्या फेसातले पाणी ओढून घेऊन फेस बसवून टाकते. त्याला स्पिरिटला टिकणारा खास फेस लागतो, तोही जोरात न मारता अलगद सोडावा लागतो. पेट्रोलमध्ये आता २० टक्के इथेनॉल असते, तेव्हा तिथेही हे ध्यानात घ्यावे लागते. ‘पाणी मिसळते तर पाणीच ओता की,’ असे कुणी म्हणेल. हिशेब करा. २० हजार लिटर स्पिरिटात ८० हजार लिटर पाणी ओतले तरी मिश्रण २० टक्क्यांचे राहते, आणि ते सुमारे ३६ अंशांना पेट घेऊ शकते. आपला मे महिना ४० च्या वर! एका बंबात पाणी मावते साडेचार-पाच हजार लिटर. शिवाय स्पिरिटची ज्वाळा फिकट निळी. भर उन्हात दिसतही नाही, म्हणून ‘विझले वाटतं’ म्हणत पुढे जाऊ नये.

बंब येईपर्यंत तेवढा वेळ आपल्या हातात असतो. १०१ किंवा ११२ ला फोन करून पाटीवरचा आकडा लांबूनच वाचून सांगावा. कोप्यांतल्या चुली विझवाव्यात आणि बायका-लेकरांना वाऱ्याच्या वरच्या अंगाला न्यावे. ट्रॅक्टर चालू करू नये, बिडी तर नकोच. टँकरपासून लांब, उताराच्या खालच्या चारीला माती टाकता आली तर टाकावी. वास येऊ लागला की काम सोडून मागे यावे. द्रव विहिरीत उतरल्याचा संशय आला तर मोटर चालू करू नये, आत कुणाला उतरवू नये, आणि गटाच्या चिटबॉयकडे त्याच दिवशी निरोप द्यावा.