काट्यावर भरवसा नको! डिझेल गाडीला पाणी कमी झाल्याचा इशारा

वाहतूक आणि गॅरेज या दोन्ही धंद्यांत आपले अनेक बांधव आहेत. इंजिन तापले की डॅशबोर्डावरचा काटा वर चढेल आणि वेळेत कळेल, असा त्यांपैकी बहुतेकांचा समज असतो. तो अर्धाच खरा आहे. काट्याला खबर देणारा तापमानाचा सेन्सर पाण्यात बुडालेला असतो, तोपर्यंतच तो खरे सांगतो. होज पाइप फुटून किंवा पाण्याच्या पंपाचे सील जाऊन पाणी सेन्सरच्या खाली उतरले, की तो नुसत्या हवेत राहतो. हवा पाण्याइतकी उष्णता पोहोचवत नाही. त्यामुळे आत हेड भाजत असते आणि काटा मात्र मधोमध उभा असतो; कधी कधी तर तो खाली उतरतो. ड्रायव्हरला वाटते, गाडी थंड चालली आहे!

भिवंडीहून मालेगावकडे माल भरून निघालेली गाडी कसारा घाट चढते, तेव्हा इंजिनवर पूर्ण भार असतो, वेग कमी असतो आणि रेडिएटरला समोरचा वारा थोडाच मिळतो. अशा वेळी पाणी गेले तर थोड्याच मिनिटांत अ‍ॅल्युमिनियमचे हेड वाकते, गॅस्केट जळते, पाणी ऑइलमध्ये उतरते. मग हेड खोला, फेसिंगला द्या, आणि तेवढे दिवस गाडी उभी ठेवा. म्हणून इशारा तापमानाचा नव्हे, पाण्याच्या पातळीचा हवा. पाणी आधी कमी होते, इंजिन नंतर तापते. मधला जो थोडा वेळ मिळतो, त्याचीच ही सगळी किंमत आहे.

अशा सेन्सरचे दोन प्रकार चालतात. पहिला फ्लोटचा. यात पाण्यावर तरंगणारा छोटा फ्लोट असून त्यात चुंबक असते. पाणी उतरले की फ्लोट खाली येतो आणि आतला स्विच दिवा लावतो. दुसरा सळईचा. कूलंटमधून वीज वाहते, हवेतून वाहत नाही, या साध्या तत्त्वावर तो चालतो. त्याच्यासोबत एक लहान मॉड्यूल लागते. चांगले मॉड्यूल सळईला अगदी थोडा आणि सतत दिशा बदलणारा प्रवाह देते. काही जण पैसे वाचवण्यासाठी बॅटरीचा सरळ प्रवाहच सळईला जोडून देतात. तसे करू नये. सळईवर थर चढतो, ती गंजते आणि इशारा खोटा पडू लागतो. शिवाय निव्वळ डिस्टिल्ड पाण्यातून वीज नीट वाहत नाही. योग्य प्रमाणात कूलंट मिसळलेलेच हवे.

आता खरा प्रश्न सेन्सर बसवायचा कुठे, हा आहे. येथेच बहुतेक काम बिघडते. गाडीतली प्लॅस्टिकची टाकी दोन प्रकारची असते. दाबाचे झाकण टाकीवरच असेल, तर ती टाकी दाबाखालच्या पाण्याचा भाग असते आणि सेन्सर तिच्यात बसवणे योग्य. पण दाबाचे झाकण रेडिएटरवर असून टाकीला साधे टोपण असेल, तर ती केवळ जादा पाण्याची बाटली आहे. रेडिएटर गळून रिकामा झाला तरी ही बाटली भरलेली राहू शकते. कारण गळतीच्या जागेतून हवा आत जाते आणि बाटलीतले पाणी ओढलेच जात नाही. अशा गाडीत सेन्सर रेडिएटरच्या वरच्या टाकीत किंवा वरच्या होज पाइपात टी-जोड टाकून, शक्य तितक्या उंच जागी बसवावा. रेडिएटरच्या अ‍ॅल्युमिनियमला भोक पाडण्याच्या भानगडीत पडू नये.

काम इंजिन पूर्ण थंड असतानाच करावे. झाकणामुळे आत साधारण 1 बार दाब राहतो आणि पाणी 120 अंशांच्या आसपास जाईपर्यंत उकळत नाही. गरम असताना झाकण उघडले की ते एकदम उसळते. टाकीला भोक पाडायचे तर ती काढून घ्यावी आणि प्लॅस्टिकचा कीस धुऊन टाकावा. टाकी प्लॅस्टिकची असेल तर सळईच्या सेन्सरला अर्थसाठी दुसरी सळई लागते. धातूच्या टाकीत टाकीच अर्थचे काम करते. वायर चावीनंतरच्या लाइनवरून, लहान फ्यूज घालून घ्यावी आणि एक्झॉस्ट व फॅनपासून दूर बांधावी. मोठ्या ट्रकला बहुधा 24 व्होल्ट असतात, लहान टेम्पोला 12. मॉड्यूल त्याप्रमाणे घ्यावे. दिव्यासोबत बझर हवाच, कारण घाटात ड्रायव्हरची नजर रस्त्यावर असते. चढावर पाणी हिंदकळून उगाच बझर वाजू नये म्हणून काही सेकंद थांबून इशारा देणारे मॉड्यूल बरे.

पाणी भरल्यावर इंजिन चालू ठेवून आतली हवा काढावी. मग गाडी थंड करून थोडे पाणी काढावे आणि बझर वाजतो की नाही ते मालकासमोर दाखवावे. ही चाचणी न करता बिल घेणाऱ्या मिस्त्रीकडे पुन्हा जाऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

एप्रिल 2020 पासूनच्या बीएस-6 गाड्यांपैकी अनेकींना असा सेन्सर कंपनीकडूनच येतो. तो आहे का, हे आधी पाहावे; वॉरंटी चालू असताना मूळ वायरी कापू नयेत. या गाड्यांत ईजीआर कूलर आतून फुटला तर पाणी थेट एक्झॉस्टमध्ये जाते, जमिनीवर थेंबही पडत नाही. तेथे खाली वाकून गळती शोधण्यापेक्षा पातळीचा इशाराच उपयोगी पडतो.

बझर वाजला तर गाडी लगेच सुरक्षित बाजूला घेऊन इंजिन बंद करावे. निदान अर्धा-पाऊण तास झाकणाला हात लावू नये. तापलेल्या, कोरड्या इंजिनात गार पाणी ओतल्यास हेड तडकते. इंजिन निवल्यावर हळूहळू भरावे आणि किती लिटर गेले ते लिहून ठेवावे. गळती शोधताना मिस्त्री पहिल्यांदा तोच आकडा विचारतो.