डिझेल वीजकेंद्रास पवनचक्कीची जोड

मोठ्या वीजजाळ्यापासून दूर असलेल्या बेटांना वीज मिळते ती बहुधा डिझेल इंजिनांवर. इंधन जहाजाने आणावे लागत असल्याने ही वीज महाग पडते. अशा ठिकाणी वारा भरपूर असल्यास पवनचक्की बसवावी, असे सहजच सुचते. परंतु केवळ पवनचक्की उभारल्याने डिझेलची अपेक्षेइतकी बचत होत नाही.

विजेची निर्मिती व मागणी यांचा मेळ क्षणोक्षणी राखावा लागतो. वारा मात्र लहरी. तो अकस्मात पडल्यास उणीव भरून काढण्यासाठी इंजिन चालूच ठेवावे लागते. शिवाय इंजिन आपल्या शक्तीच्या सुमारे तीस टक्क्यांहून कमी भारावर दीर्घकाळ चालविल्यास इंधन नीट जळत नाही, काजळी धरते व सिलिंडर खराब होतात. म्हणून वारा जोरात असतानाही इंजिनावर काही भार ठेवणे भाग पडते आणि तेवढी वाऱ्याची वीज वाया जाते. खरी बचत हवी असेल तर इंजिन पूर्ण थांबविता आले पाहिजे.

ऑस्ट्रेलियाच्या टास्मानिया राज्यातील किंग बेटाचे उदाहरण या दृष्टीने बोधप्रद आहे. गोपालन व दुग्धव्यवसाय हा या बेटाचा मोठा आधार होय. आणि वीज खंडित झाली की दूध थंड ठेवणे अवघड होते. येथे 1998 मध्ये प्रत्येकी 250 किलोवॉटच्या तीन व 2003 मध्ये प्रत्येकी 850 किलोवॉटच्या दोन पवनचक्क्या उभारण्यात आल्या. पुढे त्यांना तीन साधनांची जोड देण्यात आली.

पहिले साधन विद्युत्‌रोधकाचे. जादा वीज त्यात उष्णतेच्या रूपाने खर्च होते. वारा मंदावताच रोधकाचा भार घटवून तीच वीज ग्राहकांकडे वळविता येते. दुसरे साधन जड गतिचक्राचे. इंजिन थांबले तरी ते फिरत राहते व विजेचा दाब आणि आवर्तने स्थिर ठेवते. तिसरे साधन बॅटरीसंचाचे. वारा पडल्यावर इंजिन सुरू होऊन भार घेईपर्यंत तो पुरवठा सांभाळतो. 2013 मध्ये या बेटावर काही काळ सर्व इंजिने बंद ठेवूनही वीजपुरवठा चालू राहिला.

तात्पर्य, अशी योजना आखताना वाऱ्याच्या वेगाबरोबरच गावाची किमान वीजमागणी व इंजिनाचा किमान भार आधी मोजावा. जादा वीज नुसती जाळण्यापेक्षा पाणी उपसण्यासाठी किंवा बर्फ करण्यासाठी वापरता आल्यास अधिक लाभ होतो.